जाहिरात आली की ब्लेड खाली

शकुबाईला कोणी विचारलं, काय काम करतेस, तर ती सांगते, "झालरी काढते." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई शिवणकामात आहे. मग ती पदराच्या गाठीतून रबराचा एक वायसर काढून दाखवते. साच्यातून निघालेल्या वायसरच्या कडेला रबराची पातळ झालर राहते, ती ब्लेडने गोल कापून टाकायची, हे तिचं काम. एवढं सगळं सांगून होईपर्यंत विचारणाऱ्याची बस निघून जाते, पण शकुबाईला त्याचं काही नाही. बोलायला माणूस मिळाला की तिला तेवढं पुरतं.

नाशकात सातपूरला गाड्यांच्या एका मोठ्या कंपनीच्या मागच्या भिंतीला चिकटून आमचं वर्कशॉप आहे. मालक चंदरशेठ. पुढच्या खोलीत प्रेस आणि साचे, तिथे पुरुष. मागच्या खोलीत लांब टेबल, तिथे आम्ही बायका. मी मोहिनी. झालर काढलेला माल तपासायचं काम माझं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या सासूबाई म्हणतात, हे काम तुला कोणाला शिकवावं लागलं नसेल.

शकुबाई हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून नाशकात आली ती राहिलीच. नवरा झिपरू गावाकडे भात, नागली म्हणजे नाचणी, आणि बकऱ्या सांभाळतो. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, ती गावी जाऊन येते, बाकी वर्षभर श्रमिकनगरात लेक-जावयाच्या दोन खोल्यांत असते. जावई वाल्मीक सरळ माणूस, लेकही गुणाची. पण दोघांच्या शिफ्टा, आणि शिफ्ट नसली की दोघांच्या कानांत फोनची बोंडं. नातही आता तेच शिकली आहे. शकुबाई म्हणते, "घरात आमी चार जनं, आन कान फक्त माझेच उघडे." झिपरूला फोन लावला तर तो पलीकडून "हं" म्हणतो, त्याच्यापेक्षा बकऱ्याच जास्त बोलतात.

म्हणून ती कामाला लागली. वेळ जात नाही म्हणून कामाला येणाऱ्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात. महिन्याभरात त्या वेळ घालवायचं दुसरं काहीतरी शोधतात. शकुबाई टिकली, पण सुरुवातीला तोंडच उघडेना. पहिल्याच दिवशी तिच्या बोलीवर दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या होत्या. तेव्हापासून मान खाली घालून झालरी काढायची, डबा खायचा आणि घरी जायचं. बोलायला माणूस हवा म्हणून आलेली बाई आमच्यातही मुकीच राहिली. तिला बोलतं केलं ते आम्ही नाही, एका जाहिरातीने.

आमच्या खोलीच्या खिडकीत एक स्पीकर आहे आणि ऑफिसातला जुना फोन. त्यावर गाण्यांचं फुकटातलं अ‍ॅप. फुकट म्हणजे चार गाणी झाली की जाहिरात ठरलेली. कधी डासांची अगरबत्ती, कधी गंगापूर रोडवरचे फ्लॅट, आणि सगळ्यांत जास्त त्या अ‍ॅपची स्वतःचीच. एक गोड गळ्याची मुलगी विचारायची, जाहिरातींमुळे गाण्याची मजा जातेय का? मग आजच पैसे भरा आणि अखंड संगीत ऐका. जाहिरातींचा त्रास होतो हे सांगायला पुन्हा जाहिरातच करायची, हा धंदा माझ्या डोक्यात कधी शिरला नाही.

आमच्या कामात हात गाण्याबरोबर चालतात. गाणं लयीत असलं की ब्लेडही लयीत गोल फिरतं. एके दिवशी एक संथ गाणं चाललं होतं आणि ही गोड गळ्याची मधेच दुप्पट आवाजात बोलली. रुखसार दचकली आणि तिचं ब्लेड वायसर सोडून बोटावर गेलं. रुखसार आमच्यात सगळ्यांत लहान, नाशकातल्याच द्वारका चौकाकडून बसने येते. रक्त बघून ती रडली नाही, स्पीकरकडे बघून म्हणाली की ही अगदी माझ्या वर्गातल्या पल्लवीसारखी आहे, गोड बोलून घात करते. त्या दिवसापासून त्या आवाजाचं नाव पल्लवी पडलं.

चंदरशेठ पट्टी घेऊन धावत आले आणि गाणीच बंद करा म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. तेव्हा टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"शेठ, गान्याचा काय गुना हाय? ती बाई बोलाया लागली का आमी ब्लेड खाली ठेवू. तिचं झालं का उचलू."

बोलणारी शकुबाई आहे हे कळायला आम्हाला एक क्षण लागला. शेठना ते पटलं आणि जाहिरात आली की ब्लेड खाली, हा आमचा नियम झाला. तो भिंतीवर कुठे लिहिलेला नाही. भिंतीवर 'धूम्रपान करू नये' असं लिहिलेलं आहे, ते कोणी पाळत नाही.

ब्लेड खाली ठेवलं की हात मोकळे, आणि हात मोकळे झाले की बाईचं तोंड किती वेळ बंद राहणार? दुसऱ्याच दिवशी पल्लवीने तिचं नेहमीचं विचारलं, गाण्याची मजा जातेय का? शकुबाई स्पीकरकडे वळली आणि अगदी शेजारणीला द्यावं तसं उत्तर दिलं, "नाय गं बाई. तू आली का तवाच तर मजा येते." टेबलभर हसू फुटलं, आणि या वेळी ते तिच्या बोलीवर नव्हतं.

मग ती काही थांबली नाही. फ्लॅटवाला आला की त्याला विचारायची, बकऱ्या कुठल्या खोलीत बांधायच्या ते आधी सांग, मग झिपरूशी बोलते. अगरबत्तीवाल्याला आमच्या पाड्यावर एक रात्र राहून दाखव म्हणायची. पण खरा जीव पल्लवीवर. दिवसभर तेच तेच बोलून तुझं तोंड दुखत नाही का, घरी चूल कोण पेटवतं, तुझ्या लग्नाचं कुठवर आलं, अशी रोज नवी चौकशी. आम्ही बोटं मोडायचो, मनगटं फिरवायचो, पाणी प्यायचो आणि हसून हसून पुन्हा पाणी प्यायचो. गाणं सुरू झालं की ब्लेडं वर. मला ब्लेड नाही, तरी मीही चष्मा काढून ठेवायचे. दुखत आमचंही होतं, पण ते दुखणं त्या मधल्या वेळात कुठेतरी जिरून जायचं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

मग पुण्याहून शिकून मयूर आला. चंदरशेठचा मुलगा, आता तोच सगळं बघतो. मनाने फार चांगला, आणि आमची अडचण झाली ती त्यामुळेच. वाईट मालकाशी भांडता येतं. चांगल्या मालकाचं करायचं काय?

दसऱ्याला मशीनची पूजा झाली, पेढे झाले, आणि मयूर मागच्या खोलीत आला. प्रत्येकीच्या हातावर त्याने आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाला की बायका दिवसभर त्या जाहिरातींनी त्रासून जातात हे मी पाहतोय. आजपासून तुमच्या या खिडकीतल्या फोनवर पैसे भरलेली योजना आहे. एकही जाहिरात नाही. हे माझ्याकडून तुमचं दसऱ्याचं सोनं. त्याचा चेहरा इतका खुलला होता की आम्ही टाळ्या वाजवल्या. शकुबाईने पान कपाळाला लावलं आणि पदराला बांधलं. मग स्पीकरकडे बघून तिने मला हळूच विचारलं, म्हणजे पल्लवी आता यायची नाही?

पहिला दिवस मजेत गेला. एकामागून एक गाणी, मधे कोणाची लुडबूड नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच रुखसारने बोटं चोळायला सुरुवात केली. आठवड्याभरात सगळ्यांची मनगटं बोलायला लागली आणि माणसं गप्प झाली. गाणं संपत नव्हतं, म्हणून हात थांबत नव्हते. हात थांबत नव्हते, म्हणून शकुबाईला बोलायला जागा नव्हती. अखंड संगीत म्हणजे काय ते आम्हाला तेव्हा कळलं.

एकदा शकुबाईने स्वतःच उपाय काढला. दोन गाण्यांच्या मधे ती उठून उभी राहिली आणि नाकात बोलून जाहिरात करू लागली. हरसूलच्या बाजारातली नागली घ्या बायांनो, भाकर खाल तर नवरा 'हं' सोडून दुसरं काहीतरी बोलेल. आम्ही ब्लेडं खाली ठेवून पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी मात्र ती उठलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली की आपणच बोलायचं आणि आपणच थांबायचं, चोरी केल्यासारखं वाटतं.

मयूरला सरळ सांगावं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. पण टेबलावरची एकही बाई तयार होईना. त्याने ते दसऱ्याचं सोनं म्हणून दिलं होतं, आणि सोनं कोणी परत करतं का? शकुबाई तर म्हणाली की दिलेलं पान परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकणं, आमच्याकडे वैऱ्यालाही असं करत नाहीत. मग मी आडून सांगून पाहिलं. दुपारनंतर माल खराब निघतोय, कडा चिरतायत, असं मयूरच्या कानावर घातलं. त्याने गंभीरपणे ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत टेबलाच्या वर उजेडाला नव्या ट्यूब लावून दिल्या. पुन्हा सांगितलं, तेव्हा सगळ्यांच्या खुर्च्यांना उशा आल्या. तिसऱ्यांदा गेले असते तर त्याने दुसरा स्पीकर आणला असता. मी नाद सोडला.

दिवाळीनंतर शकुबाईचा अंगठा सुजला. आधी तिने तो चिंधीने बांधला, मग हळद लावली, मग चहाचा कपही डाव्या हाताने धरायला लागली. सातपूरच्या डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, मधूनमधून हाताला विसावा द्या, नाहीतर हे काम सोडा. शकुबाईने दुसरं स्वीकारलं. महिनाअखेरपर्यंत येते म्हणाली. मी तिच्यावर चिडले. एवढी स्पीकरशी भांडणारी बाई, आणि हाडामांसाच्या माणसापुढे तोंड उघडत नाही म्हणजे काय? ती म्हणाली, "कामाचं नाय गं मोहिनी. काम कुठं बी मिळंल. पन घरी बसले तर मी बोलू कोनाशी?"

मला फार वाईट वाटलं. त्या दुपारी माझे डोळे भरून येत होते आणि दोन-चार चिरलेले वायसर माझ्या हातून तसेच पास झाले असतील. कोणाच्या गाडीत ते बसले असतील त्याने क्षमा करावी.

महिना संपत आला होता. एका सकाळी आम्ही टेबलाशी बसलो आणि मयूर गाण्यांचा फोन हातात धरून तरातरा मागच्या खोलीत आला. इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अ‍ॅपवाल्यांचा संदेश आला होता. तुमच्या सध्याच्या योजनेत यापुढे मधूनमधून जाहिराती ऐकू येतील, नको असतील तर वरची योजना घ्या. मयूरने तो आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाला की पैसे भरून वर जाहिराती, ही काय पद्धत झाली? त्याचं काही चुकत नव्हतं. जेवायला बोलावून पाहुण्याच्याच ताटातली पोळी उचलावी, तसं होतं ते. मी तुम्हाला शब्द दिलाय, तो म्हणाला, आत्ता वरची योजना घेऊन टाकतो. आणि तो फोनवर बोट फिरवायला लागला.

मी शकुबाईकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. बांधलेला अंगठा तिने दुसऱ्या हातात धरला होता.

"दादा, थांबा," ती म्हणाली. "दसऱ्याला तुमी सोनं दिलं, आमी कपाळाला लावून घेतलं. सोनं परत करत नाय, म्हनून गप बसलो. आता ते त्यांनीच नेलं. आमी नाय परत केलं. नेलं तर नेऊ द्या, पुन्ना आनू नका."

मयूरचं बोट फोनवर तसंच राहिलं. त्याने विचारलं, "मावशी, म्हणजे तुम्हाला जाहिराती हव्यात?"

हव्यात, ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. रुखसारचं बोट, शेठनी मानलेला नियम, ब्लेड खाली ठेवायची रीत, आणि दसऱ्यापासून हात कसे थांबलेच नाहीत ते. रुखसारने आपली बोटं पुढे करून दाखवली. मी चिरलेल्या कडांचं सांगितलं आणि ट्यूब छान आहेत हेही सांगितलं. मयूर ऐकता ऐकता लाल झाला. मला वाटलं रागावला, पण तो ओशाळला होता. माणूस चांगला असला की त्याला लाज लवकर वाटते. तो म्हणाला की एवढंच होतं तर आधी सांगायचं होतं. मी दर अर्ध्या तासाने घंटा लावतो, घंटा झाली की सगळ्यांनी हात थांबवायचे. गाणीही अखंड आणि विसावाही.

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी मानही हलवली. शकुबाईने हलवली नाही.

"घंटा लावाल तर ती तुमची घंटा, दादा. तुमी दिली म्हनून आमी थांबायचं. मालाची घाई झाली का घंटा मागं सरनार, त्यात तुमचं चुकत बी नाय. आमालाच वाटंल, आज ऱ्हाऊ दे. पन ती पोरगी तुमची बी नाय आन आमची बी नाय. ती आपली येते. ती आली का थांबायचं, कोनाला विचारायचं नाय, कोनाचं उपकार नाय."

स्पीकरवर गाणं चालू होतं आणि आमचे हात, मालकासमोर, भर कामाच्या वेळी, टेबलावर तसेच पडून होते. मयूरने शकुबाईच्या बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्याने वरच्या योजनेचं पान बंद केलं, फोन खिडकीत जागेवर ठेवला आणि जायला निघाला. दारापर्यंत गेला आणि थांबला. बहुतेक त्याला बघायचं होतं.

आम्ही ब्लेडं उचलली. ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. रुखसार पुटपुटली की बाईसाहेब पैसेवाल्यांकडे जरा उशिराच येतात वाटतं. तिसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा मलाच धीर धरवेना. इतकी वर्षं मी त्या मुलीला शिव्या घातल्या, आणि आता माहेरवाशिणीची बस यायची वाट बघावी तशी तिची वाट बघत बसले होते.

गाणं संपलं. क्षणभर शांतता, आणि मग तोच गोड गळा, तसाच दुप्पट आवाजात. जाहिरातींमुळे गाण्याची मजा जातेय का?

सगळी ब्लेडं एकदम टेबलावर टेकली. दारात मयूरने हातातली किल्ली खिशात टाकली आणि तोही भिंतीला टेकून उभा राहिला. सगळ्यांनी शकुबाईकडे पाहिलं. तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं, खुर्ची स्पीकरकडे वळवली आणि बांधलेला अंगठा मांडीवर नीट ठेवून बसली.

"आलीस का गं," ती म्हणाली. "बस. मी बी कुठं जात नाय आता."